जुन्या तुर्की नोटा: जमवताना आणि ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्की नोटांचे फोटो पाठवून लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागचं सूत्र एकच आहे. तुर्की नोटेवर सगळ्यात ठळक दिसणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे मोठा आकडा, साल आणि चेहरा, आणि नेमक्या याच तीन गोष्टी नवख्याला चकवतात. खरी ओळख बारीक अक्षरांतल्या मजकुरात आणि सह्यांत असते.

१. माझ्याकडे २,००,००,००० लिऱ्यांची नोट आहे. म्हणजे दोन कोटी! हिचे किती रुपये होतील?

बँकेत एकही रुपया मिळणार नाही. ही नोट २००१ साली निघाली. तेव्हा तुर्कस्तानात महागाई इतकी बोकाळली होती की किराणा आणायला लाखांत पैसे मोजावे लागत. १ जानेवारी २००५ रोजी सहा शून्यं उडवली गेली आणि दहा लाख जुने लिरे म्हणजे एक नवा लिरा असं ठरलं. तुमचे दोन कोटी त्या दिवशी वीस लिरे झाले. जुन्या नोटा वर्षभर नव्यांबरोबर चालल्या आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत मध्यवर्ती बँक त्या बदलून देत होती. ती मुदत कधीच उलटली.

संग्राहकांत या नोटेला किंमत आहे, पण ती बेताची. नोटा भरपूर छापल्या गेल्या आणि पर्यटकांनी पाकिटात घालून जगभर नेल्या. ऑनलाइन 'दुर्मीळ, मिलियन नोट' असं लिहून जे दर सांगितले जातात ते पाहून हुरळून जाऊ नका. आणि कुणी अशी नोट 'चालू परकीय चलन' म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

२. सुरुवात कुठून करावी?

सातव्या मालिकेपासून, म्हणजे १९७९ ते २००५ च्या नोटांपासून. त्या कोऱ्या करकरीत मिळतात, खिशाला परवडतात आणि चित्रांची चैन आहे. दर्शनी बाजूला सगळीकडे अतातुर्क (प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल), पण मागची बाजू पाहण्यासारखी. ५,००० लिऱ्यांवर मेवलाना (आपण ज्यांना रूमी म्हणतो ते), १०,००० वर वास्तुविशारद मिमार सिनान, १,००० वर इस्तंबूल जिंकणारा सुलतान मेहमेत, १०० वर राष्ट्रगीत लिहिणारे कवी मेहमेत आकिफ एर्सोय. पुढे शून्यं वाढत गेली तशी २,५०,००० वर अलान्याचा लाल बुरूज आला, दहा लाखांवर अतातुर्क धरण, एक कोटीवर पिरी रेईसचा नकाशा आणि दोन कोटींवर इफेससचे अवशेष. एका अल्बमात महागाईचा अख्खा इतिहास बसतो.

हात बसला की सहाव्या आणि पाचव्या मालिकेकडे वळा. पहिलीच खरेदी १९२७ ची नको. तिथे खोट्या मालाचं प्रमाण जास्त आहे (प्रश्न १३).

३. विक्रेते 'ई-५, दुसरी तेर्तिप' असं काहीतरी लिहितात. हे काय प्रकरण आहे?

तुर्की प्रजासत्ताकाच्या नोटा 'एमिस्योन' नावाच्या मालिकांत मोजल्या जातात. आजवर नऊ झाल्या. ई-५ म्हणजे पाचवी एमिस्योन. एकाच मालिकेत एकाच किमतीची नोट पुन्हा छापताना रंग, सही, कागद किंवा मागचं चित्र बदललं तर ती वेगळी 'तेर्तिप' धरतात. संग्राहकांची खरी झटापट तेर्तिपांशीच असते, कारण दिसायला जुळ्या वाटणाऱ्या दोन नोटांपैकी एक मामुली आणि दुसरी महाग असू शकते.

ढोबळ क्रम असा. पहिली मालिका १९२७ ची, जुन्या अरबी लिपीतली. दुसरी १९३७ पासून, लॅटिन लिपीतली. तिसरी आणि चौथी १९४० च्या दशकातली, दोन्ही इनोनूंच्या चेहऱ्याच्या (प्रश्न ५). पाचवी १९५१ पासून, पुन्हा अतातुर्क. सहावी १९६६ पासून, सातवी १९७९ पासून. आठवी २००५ ची, 'येनी' म्हणजे नवा लिरा. नववी २००९ पासून आजतागायत. मालिका एकमेकींवर चढलेल्या असतात. सातवी सुरू झाली म्हणून सहावी त्याच दिवशी बंद पडली, असं होत नाही.

तेर्तिपचं सोपं उदाहरण हवं असेल तर सातव्या मालिकेतली ५,००० लिऱ्यांची नोट घ्या. १९८१ च्या नोटेवर मागे मेवलाना आहेत. १९९० मध्ये त्याच किमतीच्या नोटेवर अफशिन-एल्बिस्तानचं औष्णिक वीज केंद्र आलं. संतकवी जाऊन धुरांडी आली, यावर तुर्की संग्राहक अजून हळहळतात. हळहळण्यासारखंच आहे.

४. नोटेवर १९३० लिहिलंय, पण विक्रेता १९६० च्या दशकातली म्हणतो. फसवतोय का?

बहुतेक वेळा तो खरं सांगतोय. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तुर्की नोटेवर छपाईचं साल नसतं, ज्या कायद्याखाली नोट काढली त्या कायद्याची तारीख असते. मध्यवर्ती बँकेचा पहिला कायदा, क्रमांक १७१५, ११ जून १९३० चा. बँकेचं कामकाज ३ ऑक्टोबर १९३१ ला सुरू झालं आणि १९३७ पासून १९७० पर्यंत नोटांवर '११ हझिरान १९३०' हीच ओळ छापत राहिले. हझिरान म्हणजे जून. मग १४ जानेवारी १९७० चा कायदा क्रमांक १२११ आला. त्यानंतरच्या नोटांवर '१४ ओजाक १९७०' दिसतं, अगदी २००१ च्या दोन कोटींच्या नोटेवरसुद्धा.

म्हणून '१९३० ची दुर्मीळ नोट' किंवा '५० वर्षं जुनी मिलियन लिरा' अशा जाहिरातींकडे दुर्लक्ष करा. साल काढायचं तर मालिका ओळखा, मग सह्या पाहा. नोटेवर बँकेच्या गव्हर्नरची आणि सोबत दुसऱ्या अधिकाऱ्याची सही असते. गव्हर्नर कोण कधी होते हे जाहीर आहे, त्यावरून छपाईचा काळ चार-पाच वर्षांच्या टप्प्यात आणता येतो. मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक मालिकेची चित्रं आणि चलनात आल्या-गेल्याच्या तारखा आहेत. मजकूर तुर्कीत असला तरी आकडे वाचायला भाषा लागत नाही.

५. सगळ्या तुर्की नोटांवर अतातुर्क असतो ना? माझ्या नोटेवर दुसराच माणूस आहे.

टक्कल पडत चाललेला, आखूड मिशीचा, सूट-टाय घातलेला गृहस्थ असेल तर ते इस्मेत इनोनू. अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ ला गेले, इनोनू राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोटांवरचा चेहरा बदलला. दुसऱ्या मालिकेत म्हणून दोघेही सापडतात. आधीच्या नोटांवर अतातुर्क, नंतरच्यांवर इनोनू. तिसऱ्या-चौथ्या मालिकेत फक्त इनोनू आहेत. १९५० च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला आणि १९५१ पासून पाचव्या मालिकेत अतातुर्क परतले, ते कायमचे.

ओळखीसाठी ही मोठी सोय आहे. लॅटिन लिपी आणि इनोनूंचा चेहरा असेल तर नोट १९३० च्या दशकाच्या शेवटापासून १९४० च्या दशकापर्यंतची, हे भिंग न लावता सांगता येतं.

इनोनूंच्या नोटा उचलायला मी नेहमी सांगतो. अतातुर्कच्या चाहत्यांची झुंबड तिथे जरा कमी असते आणि उत्कीर्ण (कोरलेल्या पत्र्यावरून होणाऱ्या) छपाईचं काम देखणं आहे.

६. अरबी अक्षरांची नोट आहे. म्हणजे ती उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याचीच ना?

तसं नाही. प्रजासत्ताकाची पहिली मालिकाही जुन्या लिपीतच आहे. प्रजासत्ताक १९२३ चं, पण लिपी बदलण्याचा कायदा १ नोव्हेंबर १९२८ चा. नव्या नोटा त्याआधीच, ५ डिसेंबर १९२७ ला चलनात आल्या होत्या. लंडनच्या थॉमस दे ला रू कंपनीत छापून आलेल्या नोटा लिपी बदलली म्हणून फेकून द्यायची चैन त्या सरकारला परवडणारी नव्हती. लॅटिन अक्षरांची पहिली नोट, पाच लिऱ्यांची, थेट १५ ऑक्टोबर १९३७ ला आली. मधली जवळजवळ नऊ वर्षं शाळेत पोरं नवी लिपी गिरवत होती आणि बाजारात जुन्या लिपीच्या नोटा फिरत होत्या.

फरक असा पाहा. उस्मानी नोटेवर सुलतानाचा तुघरा असतो. तुघरा म्हणजे ती वेलबुट्टीसारखी गुंफलेली शाही सही, वर तीन उभे दांडे आणि डावीकडे दोन मोठी वेटोळी. प्रजासत्ताकाच्या नोटेवर तुघरा नसतो. ५० पासून १,००० लिऱ्यांपर्यंतच्या मोठ्या नोटांवर मुस्तफा केमालचा चेहरा असतो. लहान नोटांवर चेहरा नाही, तिथे चित्र पाहा. एका लिऱ्यावर नांगर धरलेला शेतकरी आहे, पाचावर धावता लांडगा. तुर्की दंतकथांतला हा बोझकुर्त, म्हणजे करडा लांडगा. या मालिकेवर मागे फ्रेंच मजकूर असतो आणि सही अर्थमंत्री मुस्तफा अब्दुलहालिक यांची. मध्यवर्ती बँक तेव्हा जन्मालाच आली नव्हती, त्यामुळे गव्हर्नरच्या सहीचा प्रश्नच येत नाही.

७. अरबी आकडे आणि साल कसं वाचायचं?

आकडे दहाच आहेत, तासाभरात येतात. मराठी वाचणाऱ्याने एकाच ठिकाणी सांभाळायचं: पोकळ गोल दिसला की आपण शून्य वाचतो, पण तिथे तो पाच असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून गोल आणि शेजारी ठिपका असेल तर ती पन्नासाची नोट. एक म्हणजे उभी रेघ. सात म्हणजे वर तोंड उघडलेलं टोक, तेच उलटं केलं की आठ. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे, अक्षरांसारखे उलटे नाही.

सालाची भानगड जास्त आहे. नोटेवर १३३१ दिसलं की लोक हिजरी समजून गणित करतात आणि १९१२-१३ काढतात. उस्मानी सरकार आर्थिक कामाला 'रूमी' पंचांग वापरत असे. ते हिजरीतून निघालेलं, पण सौर वर्षाचं. रूमी सालात ५८४ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३३१ चे १९१५ झाले. १९१७ पर्यंत हे वर्ष मार्चमध्ये सुरू होत असे, म्हणून त्या काळातल्या जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना ५८५ मिळवावे लागतात. आपल्याकडे शकात ७८ मिळवून सन काढताना वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एक जास्त धरतात, तोच प्रकार.

पहिल्या प्रजासत्ताक मालिकेवर कायद्याची तारीख ३० कानूनुएव्वेल १३४१ आहे, म्हणजे ३० डिसेंबर १९२५. दोनच दिवसांनी, १ जानेवारी १९२६ ला, तुर्कस्तानने हे सालच सोडून इसवी सन घेतला. नोटा बाजारात आल्या १९२७ अखेर. त्यामुळे एकच नोट कुणी १९२५ ची, कुणी १९२६ ची, कुणी १९२७ ची म्हणतं. तिघंही एकाच नोटेबद्दल बोलत असतात.

८. 'काइमे' म्हणजे काय? आणि खरी काइमे मिळते का?

उस्मानी कागदी पैशाचं ते जुनं नाव. पहिल्या काइमे १८४० मध्ये, सुलतान अब्दुलमजीदच्या काळात निघाल्या. त्या चक्क हाताने लिहून वर सरकारी मोहोर उमटवलेल्या होत्या. त्यांच्यावर व्याज मिळत असे, म्हणजे निम्मी नोट आणि निम्मा कर्जरोखा. हाताने लिहिलेल्या कागदाची नक्कल करणं अवघड नव्हतं, खोट्यांचा सुळसुळाट झाला आणि १८४२ पासून छापील काइमे आल्या. १८६२ मध्ये त्या मागे घेतल्या. पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या इंपीरियल ऑटोमन बँकेला नोटा काढण्याचा मक्ता मिळाला. रशियाशी युद्धाचा प्रसंग आला तेव्हा सरकारने १८७६ पासून पुन्हा काइमे छापल्या. तुर्क या युद्धाला '९३ चं युद्ध' म्हणतात. रूमी १२९३, म्हणजे सन १८७७.

हाताने लिहिलेली काइमे विसरून जा. ती संग्रहालयात पाहायची. १८७६ नंतरच्या छापील काइमे मात्र बाजारात असतात, विशेषतः १० आणि २० कुरुशांच्या. १०० कुरुश म्हणजे एक लिरा. मोहोर स्पष्ट उठलेली आहे ना हे आधी पाहा. कागद विरलेला, घड्यांवर फाटलेला आणि मागून चिकटवलेला असणारच.

९. पहिल्या महायुद्धातल्या उस्मानी नोटा इतक्या सहज कशा मिळतात?

कारण त्या बेसुमार छापल्या. १९१५ ते १९१८ मध्ये सात तेर्तिप निघाल्या, एकूण सुमारे १६ कोटी लिऱ्यांच्या. पहिल्या तेर्तिपमागे सोनं होतं, पुढच्यांमागे जर्मन सरकारचे रोखे. तह झाल्यावर सोन्यात पैसे देऊ असं वचन होतं, पण बाजाराचा त्यावर विश्वास नव्हता. १९१७-१८ मध्ये सोन्याचा एक लिरा घ्यायला चार-पाच कागदी लिरे मोजावे लागत. नाणी तर गायबच झाली. सुट्ट्या पैशांसाठी टपाल तिकिटं पुठ्ठ्यावर चिकटवून चालवली गेली. तेही जमवण्यासारखं आहे.

या नोटांत सह्या पाहाव्यात. अर्थमंत्री जाविद बे १९१४ च्या शेवटी युद्धाला विरोध करून बाहेर पडले आणि १९१७ मध्ये परतले. मधल्या काळात गृहमंत्री तलात यांनी ते खातं सांभाळलं. त्यामुळे काही नोटांवर तलात आणि काहींवर जाविद अशी सही दिसते. तलात यांची १९२१ मध्ये बर्लिनमध्ये हत्या झाली. जाविद यांना २६ ऑगस्ट १९२६ रोजी अंकारात फाशी दिलं. अतातुर्कवरच्या इझमीरच्या कटात ते होते, असा आरोप होता. एका कागदावर एवढं सगळं.

याच नोटा प्रजासत्ताकाने १९२७ पर्यंत चालवल्या. स्वतःच्या नोटा नसलेलं प्रजासत्ताक चार वर्षं सुलतानाचा तुघरा खिशात घेऊन हिंडत होतं.

१०. पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' होते. त्यांच्या ट्रंकेत अशी नोट निघाली. खरी असू शकते का?

असू शकते, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रश्नांतला हा माझा आवडता. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उस्मानी फौजेसमोर जी ब्रिटिश-भारतीय तुकडी उतरली तिचं नावच सहावी (पूना) डिव्हिजन. मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला या डिव्हिजनने शरणागती पत्करली आणि हजारो शिपाई कैदी होऊन उस्मानी मुलखात गेले. जे परतले त्यांच्याकडे, आणि नंतर बगदाद घेणाऱ्या सैन्यातल्या शिपायांकडे, उस्मानी कागद असणं अगदी स्वाभाविक आहे.

अशी नोट विकायच्या आधी ट्रंकेतलं बाकीचं पाहा. पदक, पेन्शनचा कागद, पत्रं, फोटो, जे असेल ते नोटेसोबतच ठेवा. नोट एकटी असेल तर बाजारभावाची, कागदपत्रांसह असेल तर घराच्या इतिहासाची. मागच्या बाजूला पेन्सिलीने मोडीत किंवा बाळबोधेत काही लिहिलं असेल तर खोडरबर अजिबात लावू नका.

११. खिलाफतीची एक रुपयाची नोट तुर्की नोटांत धरायची का?

नाही. ती भारतीयच आहे आणि चलनी नोटही नाही, देणगीची पावती आहे. पहिल्या महायुद्धानंतर उस्मानी खलिफाच्या बाजूने इथे जी चळवळ झाली तिच्या मध्यवर्ती समितीचं ठाणं मुंबईत होतं. वर्गणीसाठी नोटेसारख्या दिसणाऱ्या पावत्या छापल्या गेल्या. काही लोक त्या तुर्की अल्बमात जोडपान म्हणून ठेवतात, आणि मला ते पटतं. मुंबईतून गेलेल्या या पैशातला काही भाग मुस्तफा केमालकडे उरला होता. २६ ऑगस्ट १९२४ ला स्थापन झालेल्या इश बँकेच्या सुरुवातीच्या भांडवलात तो गेला. इश बँक आजही तुर्कस्तानातल्या बड्या बँकांपैकी आहे.

१२. ५० कुरुशची इनोनूंची नोट 'बुडालेल्या जहाजातली' म्हणून महाग सांगतात. कथा खरी की थाप?

कथा खरी आहे, प्रत्येक नोट मात्र तिच्यातली नाही. दुसऱ्या महायुद्धात तुर्कस्तानने ५० कुरुशच्या नोटा इंग्लंडच्या ब्रॅडबरी विल्किन्सनकडे छापायला टाकल्या. त्या घेऊन येणारं 'सिटी ऑफ रूबे' जहाज एप्रिल १९४१ मध्ये ग्रीसच्या पिरेयस बंदरात उभं होतं. ६ एप्रिलच्या रात्री जर्मन विमानांनी बंदरावर बाँब टाकले. दारूगोळ्याने भरलेलं 'क्लॅन फ्रेझर' उडालं आणि त्याने बंदराचा मोठा भाग आणि आजूबाजूची जहाजं नेली. नोटांची खोकी पाण्यात गेली, काही नोटा किनाऱ्याला लागल्या आणि लोकांच्या हाती पडल्या. मध्यवर्ती बँकेने मग ही नोट चलनात आणलीच नाही.

चलनात जी ५० कुरुश आली ती वेगळी, तिसऱ्या मालिकेतली, १९४४ ची आणि जर्मनीत छापलेली. दोन्हींवर इनोनूच आहेत. म्हणून पहिली नजर तळाशी, चौकटीबाहेरच्या बारीक ओळीवर टाका. तिथे ब्रॅडबरी विल्किन्सनचं नाव हवं. नाव नसेल तर जहाजाची गोष्ट आणि तिच्यासाठी मागितलेले जादा पैसे, दोन्ही सोडून द्या. पाण्याचे डाग हा पुरावा नव्हे. चहाच्या पाण्यानेही डाग पडतात.

एकाच दशकात शत्रूपक्षांच्या दोन देशांत छापलेल्या नोटा वापरणारा देश, हे तुर्की तटस्थतेचं चांगलं चित्र आहे. चौथ्या मालिकेच्या नोटा तर अमेरिकन बँक नोट कंपनीकडून आल्या. अंकाराचा स्वतःचा छापखाना १९५० च्या दशकाच्या शेवटी, पाचव्या मालिकेच्या मध्यावर सुरू झाला. त्यामुळे त्या मालिकेत परदेशी आणि देशी, दोन्ही छपाया आहेत.

१३. १९२७ ची नोट स्वस्तात मिळतेय. खरी कशी ओळखू?

'स्वस्तात' हा शब्दच पुरेसा इशारा आहे. या मालिकेच्या प्रतिकृती इस्तंबूलमध्ये आठवण म्हणून उघड विकल्या जातात. त्यात गैर काही नाही, पण तिसऱ्या हातात गेल्यावर त्या 'मूळ' होतात.

दहापट भिंग घ्या आणि चेहऱ्याच्या गालावर धरा. मूळ नोटेत सावली सलग बारीक रेघांची असते आणि शाई कागदाच्या वर किंचित उठलेली. प्रतिकृतीत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते, एरवी वर्तमानपत्रातल्या फोटोत दिसते तशी. मग नोट उजेडासमोर धरा. वॉटरमार्क कागदातच असतो, वरून छापलेला राखाडी ठसा तिरक्या उजेडात चमकतो. तिसरी परीक्षा अतिनील दिव्याची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी रसायनं युद्धानंतर सर्रास आली, म्हणून १९२७ चा कागद दिव्याखाली मंद, मातकट राहायला हवा. निळसर लखलखला तर ती नोट परत करा. उलट बाजूही सांगून ठेवतो: अलीकडे साबणपाण्याने धुतलेली खरी नोटही चमकू शकते, म्हणून एकट्या दिव्यावर निकाल देऊ नका.

क्रमांक पाहायला विसरू नका. दोन वेगळ्या विक्रेत्यांच्या फोटोंत एकच क्रमांक दिसला तर निवाडा झालाच.

१४. 'चिल' आणि 'चिलअल्ती' काय असतं? दर्जा कसा ठरवायचा?

तुर्की विक्रेते कोऱ्या, न वापरलेल्या नोटेला 'चिल' म्हणतात. त्याच्या एक पायरी खालची 'चिलअल्ती', म्हणजे मोजताना पडलेली हलकी खूण वगैरे. सातव्या मालिकेत चिलपेक्षा कमी काही घेऊ नका, त्यात अर्थ नाही. पाचव्या-सहाव्यात एखादी घडी चालेल. पहिल्या तीन मालिकांत आणि उस्मानी नोटांत घड्या, टाचणीची भोकं, कडेला चीर हे गृहीत धरायचं. तिथे पाहायचं ते एवढंच की दुरुस्ती लपवलेली नाही ना.

इस्त्री करून 'कडक' केलेली नोट बोटांना कळते. उठलेली शाई सपाट होते आणि कागद मेल्यासारखा लागतो.

१५. पावसाळ्यात नोटा कशा सांभाळायच्या?

कोकणात आणि मुंबईत हा खरा शत्रू. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. अल्बमच्या पाकिटाला उग्र प्लास्टिकचा वास येत असेल तर ते पीव्हीसी आहे. वर्षा-दोन वर्षांत त्याचा चिकटपणा नोटेला लागतो. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या, अल्बम उभा ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या मधूनमधून बदला. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. डांबरगोळ्या अल्बमात नकोत.

१६. इस्तंबूलला जातोय. कुठे पाहू, कुठे घेऊ आणि आणताना काय अडचण?

पाहायला काराकोयमधली बांकालार जाद्देसी गाठा. तिथे ऑटोमन बँकेची जुनी इमारत आहे, आता 'साल्त गालाता', आणि आत तळघरातल्या तिजोऱ्यांसह बँकेचं संग्रहालय. घ्यायला कापालीचार्शी, म्हणजे ग्रँड बझार, आणि बेयओलूमधली जुन्या वस्तूंची दुकानं. घासाघीस चालते, पण भिंग खिशातून काढलंत की भाव आपोआप शहाणा होतो.

प्रजासत्ताकाच्या बाद नोटा आणायला सहसा अडचण येत नाही. जुन्या वस्तूंसाठी तिथला १९८३ चा कायदा, क्रमांक २८६३, फार कडक आहे. अब्दुलमजीदपासूनच्या शेवटच्या सहा सुलतानांच्या काळातल्या नाण्यांना त्यात मोकळीक आहे, त्याआधीची नाणी मात्र हातही लावू नका. नोटांच्या नादात दुकानदार एखादं 'जुनं नाणं' फुकट देतो म्हणाला तरी नको म्हणा. उस्मानी कागद घेतलात तर पावती मागून घ्या आणि ती सामानात नव्हे, जवळ ठेवा.

१७. 'येनी' लिऱ्याच्या २००५ च्या नोटा जमवाव्यात का?

जमवाव्यात. मालिका जेमतेम पाच वर्षं चलनात होती, १ ते १०० अशा सहाच नोटा, आणि बदलून घ्यायची मुदत ३१ डिसेंबर २०१९ ला संपली. नवव्या मालिकेच्या सध्याच्या नोटांशी त्या दिसायला मिळत्याजुळत्या आहेत. नावाआधी 'येनी' आहे का तेवढं पाहा. नववीच्या मागच्या बाजूला गणितज्ञ जाहित आर्फ, लेखिका फात्मा आलिये, संगीतकार इत्री अशी मंडळी आहेत. त्या नोटा अजून चालतात, त्यामुळे घेताना दर्शनी किमतीपेक्षा फार जास्त देऊ नका.

१८. माझ्या नोटेचा फोटो पाठवला तर किंमत सांगाल का?

ओळख सांगता येईल, किंमत नाही. ती दर्जावर ठरते (प्रश्न १४) आणि दर्जा फोटोत दिसत नाही. पाठवायचाच तर दोन्ही बाजू सरळ वरून घ्या, तिसरा फोटो नोट खिडकीसमोर धरून, चौथा सह्यांचा जवळून. क्रमांक झाकू नका, त्यातलं सुरुवातीचं अक्षर तेर्तिप ठरवायला लागतं. आणि फोटो काढण्याआधी नोट पुसू नका.